पाकातली रताळी आणि भाताचा मुलूख

महाशिवरात्र आठवड्यावर आली की पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या भाजीच्या गाड्यांचा नूर पालटतो. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मागे सरकतात आणि पुढे मातीने माखलेल्या लाल रताळ्यांचे ढीग लागतात. शेजारी पाटीभर कवठे. एरवी रताळ्यांकडे ढुंकूनही न पाहणारी गिऱ्हाईके या दिवसांत दोन-दोन किलो तोलून नेतात. भूगाव, पिरंगुट, पौड आणि तिथून वर ताम्हिणीपर्यंतच्या घरांत शिवरात्रीचे ताट याच खरेदीतून वाढले जाते. वरीचा भात, दाण्याची आमटी, कवठाची गूळ घालून केलेली चटणी आणि ताटाच्या कडेला चार-सहा रताळ्याचे गोड काप. कुणी त्यांना चकत्या म्हणते, कुणी पाकातली रताळी, कुणी नुसतेच गोडाचे काप.

या ताटातून एक पदार्थ मुद्दाम वगळलेला असतो आणि ही गावे ज्या मुळशी तालुक्यातली, तो ओळखला जातो नेमका त्याच पदार्थासाठी. हा तालुका भाताचा. शिजताना आंब्याच्या मोहराचा वास सोडणारा आंबेमोहर इथल्या खाचरांतला, आणि भौगोलिक मानांकनही त्याला याच मावळपट्ट्यामुळे मिळाले आहे. उपवासाच्या दिवशी मात्र तांदूळ डब्यातून बाहेर निघत नाही. घरचे पिकलेले बाजूला ठेवून बाजारातून आणलेले खायचे, असा हा दिवस. काप कसे करतात हे पाच मिनिटांत सांगता येते. ते मुळशीच्या ताटात कसे आले हे सांगायला मात्र अमेरिका खंडापासून उजनी धरणापर्यंत जावे लागते.

कापांसाठी रताळी मध्यम जाडीची आणि सरळ बघून निवडतात. ती घासून धुवायची, साल काढायची किंवा घरच्या रीतीप्रमाणे तशीच ठेवायची आणि अर्ध्या बोटाच्या जाडीच्या चकत्या कापून लगेच पाण्यात टाकायच्या. उघड्यावर राहिल्या तर काळ्या पडतात. पसरट कढईत साजूक तूप तापवून चकत्या शक्यतो एकाच थरात मांडायच्या. वर झाकणाला ताट, ताटात पाणी आणि खाली मंद आच. चकतीत सुरी सहज शिरू लागली की चिरलेला गूळ, वेलदोड्याची पूड आणि कणभर सैंधव घालायचे. गूळ विरघळतो, उकळतो, आटतो आणि शेवटी चकत्यांवर तकतकीत लेप होऊन बसतो. ओले खोबरे वरून पेरायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरचे. साखरेचे काप करणाऱ्या घरांत एकतारी पाक वेगळा करून त्यात तुपावर परतलेल्या चकत्या सोडतात. ते दिसायला देखणे होतात, पण जुन्या जिभांना गुळाचेच बरे वाटतात.

यातली प्रत्येक पायरी अनुभवातून आलेली आहे आणि प्रत्येकीमागे रसायनशास्त्र आहे. गूळ आधी घातला तर रताळे दडस राहते, ही ताकीद सुगरणी देत आल्या. गोडाच्या दाट पाकात कंदातले पाणी बाहेर ओढले जाते आणि पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन सैल पडत नाही. म्हणून आधी शिजवायचे आणि मग गोड करायचे. मंद आचेचेही तसेच आहे. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचे विकर असते. साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते पिठाचे रूपांतर माल्टोज या साखरेत करते. त्याहून फार तापले की विकर निकामी होते. मोठ्या आचेवर झटपट उकडलेले रताळे त्यामुळे मचमचीत लागते आणि चुलीच्या फुफाट्यात तासभर पुरून ठेवलेले मधासारखे. ताटात पाणी ठेवून दिलेली वाफ या दोन्हींच्या मधली. काढणीनंतर रताळी चार-आठ दिवस सावलीत पडू दिली तर ती अधिक गोड होतात, हेही शेतकऱ्याला ठाऊक असते.

मुळशीच्या शेतात मात्र रताळे फारसे रमलेले नाही. कारण पावसातच आहे. तालुक्याच्या पश्चिम टोकाला, ताम्हिणीच्या माथ्यावर, वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो. खोऱ्यातली खाचरे बांध घालून पाणी तुंबवण्यासाठीच रचलेली. रताळ्याला नेमके उलटे हवे असते. हलकी, पोयट्याची, निचऱ्याची जमीन. पाणी साचले की वेल रानभर माजतो आणि खाली कंद पोसत नाही, पोसला तर कुजतो. परसात एखादा वाफा, बांधाच्या उतारावर चार वेल, एवढीच त्याची इथली मजल.

मग रताळ्याच्या आधी या डोंगरांत उपवासाला काय खात असत?

सह्याद्रीच्या जंगलात कंदांची वानवा नव्हती. कोनफळ, कणगर, करांदे, सुरण, रानअळू ही सगळी इथली किंवा फार जुन्या काळापासून इथे रुळलेली. ताम्हिणीच्या परिसरातले कातकरी पावसाळा सरल्यावर वेलांच्या खुणा धरून जमिनीत हातभर खोल गेलेले कंद आजही खणून काढतात. यातले सगळेच सरळ खाता येत नाहीत. कडू करांद्याच्या चकत्या राखेबरोबर शिजवायच्या, वाहत्या पाण्यात धुवायच्या आणि कडवटपणा गेला की मगच खायच्या. म्हणजे कंदाच्या चकत्या करून त्या निगुतीने शिजवण्याची रीत या डोंगरांत नवी नव्हती. राखेच्या जागी गूळ यायचा होता, एवढेच.

ताम्हिणी उतरून रायगड जिल्ह्यात गेले की त्याच कंदांची आणखी एक परंपरा भेटते. थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात रचून मडके उपडे करून भाजतात, ती पोपटी. मडक्यात शेंगांच्या सोबतीला कोनफळ असते, बटाटा असतो आणि रताळेही असते. जुना कंद आणि नवे कंद एकाच मडक्यात, एकाच विस्तवावर शिजतात.

डोंगरउताराचे दुसरे जुने अन्न म्हणजे वरई. खाचरांच्या वरच्या बाजूला, जिथे पाणी थांबत नाही तिथल्या वरकस जमिनीत नाचणी, वरई, सावा अशी पिके आलटून पालटून घेतली जात. शहरात उपवासाला भगर म्हणून पुड्यांतून विकली जाते ती हीच. उपवासाच्या ताटात मुळशीचे म्हणून ठामपणे दाखवता येईल असे धान्य हे एकटेच. वरई गवताच्या कुळातली, पेरून-कापून-मळून काढलेली, म्हणजे सगळ्या अर्थांनी धान्यच. तरीही पुण्याकडच्या घरांत ती उपवासाला चालते आणि तांदूळ चालत नाही.

हे चालते-न चालते ठरवणारा नियम जुना आहे. व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टींची यादी धर्मशास्त्राच्या ग्रंथांत वारंवार येते. पाणी, मूळ, फळ, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाचवा खंड व्रतांच्या अशा असंख्य नियमांची छाननी करतो. या यादीत एक बारीक गोष्ट लपलेली आहे. तिच्यात मूळ म्हटले आहे, कुठले मूळ ते म्हटलेले नाही. नियम जातीचा आहे, वाणाचा नाही. जमिनीखाली पोसलेले जे काही उद्या नव्याने येईल, त्यालाही या यादीने आधीच जागा करून ठेवली होती. गहू-तांदूळ-ज्वारीला तशी सवलत नव्हती. एकादशीला पाप अन्नात वस्तीला येते अशी पुराणांतली समजूत, त्यामुळे त्यांच्यावर बंदी कायम राहिली.

नवीन आले ते समुद्रावरून. रताळे मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला तेव्हा तिथले लोक ते लावत आणि खात होते. युरोपियनांच्या आधीच ते प्रशांत महासागरातल्या बेटांवरही पोचलेले होते. कूक बेटांपैकी मांगाइया इथल्या उत्खननात जळून कोळसा झालेले त्याचे अवशेष सापडले आहेत. चीनच्या फुजियान प्रांतात ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस गेले आणि दुष्काळात लोकांना तगवणारे पीक ठरले. आज जगात सर्वाधिक रताळी चीनच पिकवतो.

आपल्याकडे ते पोर्तुगीजांबरोबर आले, असे वनस्पतींचे आणि अन्नाचे अभ्यासक मानतात. गोवा पोर्तुगीजांच्या हाती १५१० मध्ये गेला आणि चौल-रेवदंड्याला त्यांनी १५२१च्या सुमारास किल्ला बांधायला घेतला. मुळशीच्या घाटमाथ्यावरून पाहिले तर पोर्तुगीजांचे सर्वांत जवळचे ठाणे हेच. तैलबैल्याच्या बाजूने सवाष्णी, वाघजाई अशा पायवाटा कोकणात उतरतात. अशा घाटवाटांनी खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची आणि वरून धान्य खाली जायचे. मिरची, भुईमूग, पेरू, सीताफळ, अननस यांच्यासारखे रताळेही याच शतकांत हळूहळू देशावर पसरले. नेमक्या कोणत्या गोणीतून कोणत्या गावी, हे कुठल्याच दप्तरात लिहिलेले नसते. भाजीपाला कागदोपत्री येतो तो कर लागला तरच.

कागदावर जे सापडते तेही जपून वाचावे लागते. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याबरोबर मोगल दरबारात वावरलेला पाद्री एडवर्ड टेरी आसफ खानाच्या मेजवानीचे वर्णन करतो आणि त्यात पोटॅटो उत्तम रांधलेले होते असे सांगतो. त्या काळातला इंग्रज हाच शब्द रताळ्यालाही वापरी, त्यामुळे आसफ खानाच्या ताटात बटाटा होता की रताळे यावर अभ्यासक वाद घालतात. पुष्कळांचे मत रताळ्याच्या बाजूने पडते. संस्कृत ग्रंथांतल्या रक्तालु-पिंडालूंचेही तसेच. ही नावे कोनफळ-कणगरांच्या कुळातल्या देशी कंदांची. ती वाचून रताळे प्राचीन काळापासून इथे होते असा निष्कर्ष काढणाऱ्यांची गल्लत होते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या दोन्हींचे नातेच नाही. रताळे हे गणेशवेलीचे आणि तळ्याकाठी माजणाऱ्या बेशरमीचे भावंड. त्याचा बटाट्याशीही संबंध नाही, कारण बटाटा वांग्या-टोमॅटोच्या घरातला.

पण स्वयंपाकघराला वनस्पतिशास्त्र विचारायचे नसते. लाल सालीचा, जमिनीखाली पोसणारा, उकडला की मऊ आणि गोड होणारा कंद आला. त्याला आधीच्या लाल कंदाची जागा मिळाली आणि उपवासाचा परवानाही. करांद्यासारखा तो राखेत शिजवावा लागत नव्हता. सुरणासारखा घशाला खाजत नव्हता. कणगरासारखा खोल खणावा लागत नव्हता आणि लागणीपासून चार महिन्यांत हाती येत होता. उपवास करणाऱ्यांना आणि उपासमार होणाऱ्यांना, दोघांनाही तो सोयीचा ठरला. त्यामुळे रताळे दोन तोंडांनी वाढले. गरिबाच्या चुलीत ते भाजून मिठाबरोबर खाल्ले जाई आणि सणवाराच्या दिवशी, तूप-गूळ परवडणाऱ्या घरात, त्याचे काप होत.

तूप-गूळ परवडणे ही बाब क्षुल्लक नव्हती. १८८५ मध्ये पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले त्या काळात मुळशी हा हवेली तालुक्याचा पेटा होता आणि त्याची कचेरी पौडला होती. डोंगराळ, पावसाचा, भात-नाचणीवर जगणारा हा भाग. राब भाजायचा, रोपे टाकायची, चिखलात लावणी करायची आणि दिवाळीच्या आगेमागे भात झोडून काढायचा, यातच वर्ष सरे. गूळ खोऱ्याबाहेरून यायचा. आज चित्र बदललेले आहे. तालुक्याच्या पूर्वेकडे ऊस आला आणि कासारसाई-दारुंब्रे इथे श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र पाकातले काप ही वर्षातून दोन-चार दिवसांची चैन होती आणि ती उपवासाच्या दिवशी करायला धर्माची हरकत नव्हती. एकादशी दुप्पट खाशी, हा टोमणा काही उगाच जन्मला नाही.

छापील पाककृतींची पुस्तके मराठीत १८७५ पासून मिळतात. त्या वर्षी रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ निघाले. तिथपासून कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’पर्यंतच्या शंभर वर्षांत मध्यमवर्गीय मराठी घराचे उपवासाचे ताट मापात बसले. वाटी, चमचा, पाव किलो अशी मापे आली आणि सासूच्या हाताखाली शिकायचे पदार्थ पानावरून शिकता येऊ लागले. मुळशीतल्या वाड्या-वस्त्यांवर हे माप उशिरा पोचले. तिथे गूळ अजूनही ओंजळीनेच पडतो.

मुळशीच्या अन्नाचा इतिहास धरणावाचून पुरा होत नाही. टाटा कंपनीने मुंबईला वीज पुरवण्यासाठी नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधायचे ठरवले आणि मुळशी पेट्यातली ५२ गावे त्याच्या छायेत आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेतकऱ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. रामनवमी हा अनेक घरांत उपवासाचा दिवस. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी लढ्याचे नेतृत्व केले. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी संघटितपणे उभारलेल्या जगातल्या पहिल्या लढ्यांमध्ये त्याची गणना होते. तो १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण पुरे झाले आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

पाण्याखाली गेली ती खोऱ्याच्या तळाची खाचरे, म्हणजे आंबेमोहराची सर्वांत कसदार जमीन. उरली ती उतारावरची, नाचणी-वरईची. पुढे भाताचे वाणही बदलले. आंबेमोहराचा उतारा कमी, म्हणून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला इंद्रायणी १९८७ पासून शेतात आला आणि मावळ-मुळशीची बहुतेक खाचरे त्याने व्यापली. बारशीला, म्हणजे एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, उपवास सोडताना ताटात पडणारा भात आता बहुधा इंद्रायणीचा असतो.

धरणाचे पाणी कोकणात उलटे वळवले आहे. मुळशीत अडवलेले पाणी बोगद्यातून आणि नळांतून भिऱ्याला कोसळते, वीज करते आणि कुंडलिका नदीला मिळून रेवदंड्याच्या खाडीतून समुद्रात जाते. पोर्तुगीजांच्या त्या जुन्या ठाण्याच्या पायथ्याशी. मुळेत जे उरते ते पुण्यात मुठेला भेटते, भीमेला मिळते आणि उजनीच्या धरणात साठते. त्या उजनीच्या फुगवट्याकाठी सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका आहे. तिथल्या मांजरगावासारख्या गावांनी रताळ्याची शेती जोपासली आहे आणि पुण्याच्या मार्केट यार्डात शिवरात्रीच्या आधी जी रताळी येतात त्यांत करमाळ्याचा वाटा मोठा असतो. कराड भागातून गावरान रताळी येतात. ती आकाराने लहान, चवीला अधिक गोड, म्हणून भावही चढा. सीमाभागात बेळगावच्या पश्चिमेकडच्या मराठी गावांत तांबड्या मातीवर पावसाळी रताळ्याचे मोठे क्षेत्र आहे आणि तिथला माल हंगामात उत्तर भारतापर्यंत जातो. मुळशीच्या ताटातले काप असे तीन-चार जिल्ह्यांतून गोळा होतात.

उपवासाच्या ताटात रताळ्याला खरी टक्कर दिली ती साबुदाण्याने. साबुदाणा पूर्वी मलाया-सिंगापूरकडून आयात होई. दुसऱ्या महायुद्धात ती वाट बंद झाली आणि १९४० च्या दशकात तमिळनाडूतल्या सेलममध्ये टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. तोही दक्षिण अमेरिकेचाच कंद, केरळात रुळलेला. स्वस्त, टिकाऊ, वर्षभर मिळणारा, रात्री भिजवला की सकाळी तयार. पाहता पाहता खिचडी हे उपवासाचे मुख्य अन्न झाले आणि रताळे कडेला सरकले. खिचडीत शेंगदाणे, बटाटा, मिरची. त्यातला एकही जिन्नस पाचशे वर्षांपूर्वी सह्याद्रीत नव्हता. आठ गोष्टींच्या यादीतला एकही शब्द मात्र बदललेला नाही.

रताळ्याला गोड लेप देऊन सणाच्या ताटात बसवणारे आपण एकटे नाही. अमेरिकेत नोव्हेंबरच्या शेवटी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगला टर्कीच्या बाजूला साखर-लोण्यात घोळवलेली रताळी लागतातच. फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या गाजलेल्या पाकपुस्तकात लेप दिलेल्या रताळ्यांची कृती आहे. १९१७ मध्ये एका मार्शमॅलो कंपनीने आपला माल खपावा म्हणून पाककृतींची पुस्तिका काढली आणि तेव्हापासून तिथल्या रताळ्यांवर मार्शमॅलोचा थर चढला तो आजतागायत. मराठी वाचकाला अमेरिकेतल्या रताळ्याची ओळख बहुधा दुसऱ्याच वाटेने झालेली असते. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये आले आणि अलाबामातल्या टस्कीगीचा हा कृष्णवर्णी शास्त्रज्ञ घरोघर पोचला. कार्व्हरने कापसाने नापीक झालेल्या जमिनीत भुईमूग आणि रताळे लावायला शिकवले. त्याने शेतकऱ्यांसाठी रताळी टिकवण्याची आणि ती पानात वाढण्याच्या कृतींची पुस्तिका काढली. तिथे हा पदार्थ मेजवानीच्या दिवसाचा, मांसाच्या जोडीचा. इथे तो उपवासाच्या दिवसाचा, वरीच्या जोडीचा. पाक दोन्हीकडे तोच.

तालुक्याचे पूर्व टोक आता ओळखू येत नाही. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे मुळशीतलीच. भाताच्या आणि उसाच्या रानांत राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहिला आणि एकादशीला तिथल्या उपाहारगृहांत उपवासाची थाळी मिळू लागली. तिच्यात खिचडी असते, वडे असतात, बटाट्याची भाजी असते. काप क्वचित दिसतात. ते गरम असतानाच चांगले. थंड झाले की गुळाचा लेप चिकट होतो आणि पुन्हा तापवले तर चकत्या मोडतात. मोठ्या पातेल्यात शेकडो माणसांसाठी एका थरात मांडणेही शक्य नसते. त्यामुळे हा पदार्थ घरगुतीच राहिला आहे.

बाजारात मिळणारी बहुतेक रताळी लाल सालीची आणि आतून पांढरी असतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अश्विनी’ हा वाण दिला. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने आतून केशरी, बीटा-कॅरोटीनने भरलेले ‘भू सोना’सारखे वाण काढले. जीवनसत्त्व ‘अ’ची कमतरता असलेल्या भागांसाठी ते मोलाचे आहेत. कापांच्या दृष्टीने त्यांची अडचण वेगळी. केशरी रताळ्यात पाणी जास्त आणि पीठ कमी, त्यामुळे चकती पाकात टिकत नाही, तिचा शिरा होतो. पांढरे, पिठूळ रताळे कडा धरून ठेवते.

राहता राहिला प्रश्न दोन मोठ्या उपवासांचा. रताळ्याची मागणी शिवरात्रीला वाढते तशी आषाढी एकादशीलाही, जेव्हा आळंदी-देहूहून निघालेल्या पालख्या पंढरपुरात पोचलेल्या असतात आणि मुळशीतली माळकरी घरेही उपवास धरतात. रताळ्याचे पीक साधारण ११० ते १२० दिवसांचे. ते बियाण्यावर लावत नाहीत. उभ्या पिकाच्या वेलाचे, तीन-चार डोळे असलेले वीतभर तुकडे सरीच्या वरंब्यात खोवतात. माघ वद्य चतुर्दशीपासून आषाढ शुद्ध एकादशीपर्यंत चांद्रमासाच्या हिशोबाने सुमारे १३० दिवस भरतात. २०२५ मध्ये शिवरात्र २६ फेब्रुवारीला आणि आषाढी ६ जुलैला होती, नेमके १३० दिवसांचे अंतर. म्हणजे शिवरात्रीच्या बाजारासाठी रान खणले की त्याच वेलांचे तुकडे आठवड्याभरात पुन्हा लावता येतात आणि कंद आषाढीच्या तोंडावर काढणीला येतात. मधला उन्हाळा पाण्यावर काढावा लागतो, म्हणून हे गणित जमते ते उजनीकाठच्यांना, डोंगरउतारावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला नाही. अधिक महिना मध्ये आला की ते बिघडते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, शिवरात्र १५ फेब्रुवारीला आणि आषाढी २५ जुलैला. अंतर १६० दिवसांचे. अशा वर्षी लागण मार्चच्या मध्याच्या पुढे ढकलायची किंवा तयार कंद जमिनीत ठेवून किडीचा धोका पत्करायचा, यातले एक निवडावे लागते, आणि त्यासाठी शेतकऱ्याला लागवडीच्या वेळापत्रकाच्या जोडीला पंचांगही उघडून बसावे लागते.